दुपारी मिटणारी पानं : सिंधूकाठी जर्दाळूंच्या मागावर

दिवस पहिला आणि दुसरा : लेह

लेहला उतरल्यावर दोन दिवस अंगाला ताण द्यायचा नाही, हे सगळ्यांनीच बजावलं होतं. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंची. जिना चढताना मधल्या पायरीवर दम खायला थांबावं लागत होतं. म्हणून ज्या घरी उतरले तिथल्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली सतरंजी टाकली आणि दोन दिवस वर बघत पडून राहिले.

मी कृषी महाविद्यालयात वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ऊन जास्त तर प्रकाशसंश्लेषण जास्त, आणि प्रकाशसंश्लेषण जास्त तर फळात साखर जास्त, हे इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल त्याची गणती नाही. लडाखमध्ये ऊन मुबलक. वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटरच्या घरात, आकाश बहुतेक दिवस निरभ्र. त्या हिशोबानं इथलं प्रत्येक जर्दाळू सारखंच गोड निघायला हवं. पण गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं तीन गावांमधून एकाच जातीचे सुके जर्दाळू आणून दिले, आणि तीन पुड्यांच्या तीन चवी लागल्या. एक गुळासारखं दाट गोड, एक गोड पण मिळमिळीत, तिसऱ्यात आंबटपणाची धार. जात तीच, सिंधूचं खोरं तेच, मग हा फरक आला कुठून? त्या तीन पुड्यांपायी मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इथे आले.

सोबत दोन उपकरणं होती. एक रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाचा थेंब टाकला की ब्रिक्समध्ये, म्हणजे रसात शेकडा किती साखर आहे या मापात, गोडी सांगणारी छोटी दुर्बीण. दुसरं जरा जड यंत्र. त्याचा चिमटा पानाला लावला की चिमट्यातल्या बंद पेटीतून हवा फिरते. आत जाताना हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता आणि बाहेर येताना किती उरला, या फरकावरून पान दर सेकंदाला दर चौरस मीटरमागे किती मायक्रोमोल वायू ओढून घेतंय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला राहवलं नाही. बाहेरच्या फांदीवरचं, उन्हाकडे तोंड केलेलं पान चिमट्यात धरलं. तेरा. मग हात आत घालून खोडाजवळच्या फांदीवरचं पान धरलं. दोन. बाहेर प्रकाश दोन हजार मायक्रोमोलच्या आसपास, आत जेमतेम सत्तर. लडाखच्या लख्ख उन्हात उभं असलेलं हे झाड स्वतःच्याच सावलीत उपाशी होतं! जर्दाळू, पीच, आलुबुखार यांचं एकेकटं पान पुऱ्या उन्हाच्या निम्म्यातच तृप्त होतं. वरचं जादा ऊन त्याच्या कामाचं नाही. आतल्या पानांना ते मिळालं असतं तर सोनं झालं असतं. आतली फळं फिकट पिवळी होती, बाहेरच्यांच्या गालावर लाली होती. ही लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची, आणि फळावर थेट ऊन पडल्याशिवाय ती नीट चढत नाही.

घरमालक मेमे-ले, म्हणजे आजोबा, हे सगळं बघत होते. छाटणी करता का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. "आजोबांनी लावलेलं झाड आहे. त्याला करवत लावली तर रागावेल."

आता हवेचं. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश राहतो, म्हणजे पानाच्या वाट्याला येणारा कार्बन डायऑक्साइडही तितकाच. मला वाटलं होतं, झाडांनाही माझ्यासारखी धाप लागत असेल. पण विरळ हवेत वायू पानाच्या आत लवकर पसरतो, त्यामुळे तोट्यातला काही भाग भरून निघतो. शिवाय ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी झालेला असतो. पानातलं रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड सोडून चुकून ऑक्सिजन पकडतं आणि कमाई वाया घालवतं, ते प्रमाण नुसत्या उंचीमुळे वाढत नाही. तेरा हा आकडा म्हणूनच मला समाधानाचा वाटला.

दिवस तिसरा : लेह ते डोमखर

गाडी चालवणारे आचो, म्हणजे दादा, स्वतः शाम भागातले, म्हणजे लेहच्या खाली सिंधूकाठच्या पट्ट्यातले, बागाईतदार. मला ते "मॅडम-ले" म्हणत. तो "ले" आपल्या "जी"सारखा, कुणाच्याही नावामागे मानानं लागतो. निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम बघितला, सासपोलला चहा घेतला. तिथे रस्त्याकडेच्या झाडांवर धुळीचा पिठासारखा थर होता. एक पान ओल्या रुमालानं पुसलं आणि शेजारचं तसंच ठेवून दोन्ही मोजली, तर अकरा आणि आठ. रस्त्याकडेच्या झाडाची फळं लहान का, याचं निम्मं उत्तर तिथेच रुमालाला लागलं होतं.

खालसी ओलांडून संध्याकाळी डोमखरला पोचलो. हे गाव एका ओढ्याच्या काठानं तीन पायऱ्यांवर वसलंय. सिंधूजवळ डोमखर डो, मध्ये बर्मा, सगळ्यात वर गोंगमा. एकच ओढा, एकच खोरं, फक्त उंची बदलते. माझ्या कामाला याहून चांगली जागा मिळाली नसती.

दिवस चौथा : डोमखर डो

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही.

इथल्या आमा-ले, म्हणजे आई, यांच्या बागेत रक्त्से कार्पो या जर्दाळूच्या जातीची दोन झाडं शेजारी शेजारी आहेत. लडाखी भाषेत रक्त्से म्हणजे कोय आणि कार्पो म्हणजे पांढरी. बहुतेक जर्दाळूंची कोय तपकिरी असते, हिची पांढुरकी, आणि आतला मगज गोड. याच गुणांवर या जातीला भौगोलिक मानांकन मिळालंय. दोन्ही झाडं एकाच वर्षी, एकाच झाडाच्या डोळ्यांवरून कलम केलेली. फरक एवढाच की पाट पहिल्या झाडाच्या आळ्यापर्यंत येऊन संपतो. दुसऱ्याला पाणी द्यायचं तर पाट फोडून वळवावा लागतो, आणि त्याची पाळी वेगळी.

पाण्याची पाळी ठरवणाऱ्याला इथे चुरपोन म्हणतात. आपल्याकडचा पाटकरीच तो. बर्फ वितळून ओढ्यात आलेलं पाणी कुणाच्या शेतात कधी आणि किती वेळ जाईल, हे त्याच्या शब्दावर. पहिल्या झाडाला परवा पाणी मिळालं होतं. दुसऱ्याची पाळी उद्या, आणि आधीचं पाणी मिळून बारा दिवस झालेले.

सकाळी साडेसातला सुरुवात केली. दोन्ही झाडांवर पूर्वेकडची, सारख्या वयाची पाच-पाच पानं निवडून देठाला दोरे बांधले. साडेसातला दोन्ही झाडं नऊच्या आसपास. नऊला पहिलं चौदा, दुसरं तेरा. मला वाटलं, फरक नाहीच. अकरा वाजता पहिलं तेरा आणि दुसरं आठ. दुपारी एकला पहिलं नऊ, दुसरं तीन.

तीन! माथ्यावर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि पान जवळजवळ बंद. मी चिमटा काढून पुन्हा लावला, शेजारचं पान धरलं, पेटीची गळती तपासली. आकडा हलेना.

जर्दाळूच्या पानाची रंध्रं फक्त खालच्या बाजूला असतात. त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यांतूनच पाणी बाहेर जातं. पानाला एक मिळवायला दुसरं द्यावंच लागतं. दुपारी हवेचा पारा तिशीला टेकला होता आणि आर्द्रता वीस टक्क्यांवर आली होती. अशी हवा पानातलं पाणी शोषून घेते. मुळाशी ओल असेल तर पान काही वेळ हा खर्च सोसतं. ओल नसेल तर रंध्रं मिटतात, आणि रंध्रं मिटली की चूल बंद.

पण मग पाणी मिळालेलं झाडही दुपारी चौदावरून नऊवर का आलं? याचं उत्तर जर्दाळूवरच सापडलेलं आहे. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात, अव्दात इथे मायकेल एव्हेनारी यांनी पावसाच्या वाहून येणाऱ्या पाण्यावर शेत उभं केलं होतं. तिथे जर्मन शास्त्रज्ञ शुल्त्से आणि लांगे यांच्या गटानं जिवंत झाडाची पानं पेटीत धरून फक्त हवेची आर्द्रता बदलून पाहिली. त्यांनी निवडलेल्या झाडांत जर्दाळू होतं. १९७२ साली त्यांनी मांडलं की कोरडी हवा लागताच रंध्रं मिटू लागतात, आणि मिटल्यावर पानातलं पाणी उलट वाढतं. म्हणजे पान सुकल्यावर दार लावत नाही, सुकण्याआधीच लावतं. हे मी वर्गात शिकवत आले होते. डोमखरला ते माझ्या हातातल्या चिमट्यात घडत होतं.

तीनला दुसरं झाड चार, पाचला सहा. ऊन कलताना पान परत जागं होतं, पण हरवलेली दुपार परत मिळत नाही.

आता फळं. दोन्ही झाडांची दहा-दहा पिकलेली फळं तोडून खिशातल्या काट्यावर ठेवली. पाणी मिळालेल्या झाडाची दोनशे सत्तर ग्रॅम भरली, तहानलेल्याची एकशे ऐंशी. मग रस थेंब थेंब काचेवर. पहिल्याचा ब्रिक्स वीस, दुसऱ्याचा सव्वीस. तहानलेल्या झाडाचं फळ जास्त गोड! माझे दिवसभराचे आकडे एका थेंबानं उलटे झाले असं क्षणभर वाटलं. वही मांडीवर घेऊन गुणाकार केला. कोयीचं वजन धरलं नाही, ढोबळ हिशोब. पहिल्या झाडाच्या दहा फळांत साखर चोपन्न ग्रॅम, दुसऱ्याच्या दहांत सत्तेचाळीस. तहानलेल्या झाडानं साखर कमीच केली होती. फळात पाणी त्याहून कमी शिरलं, म्हणून जिभेला ती दाट लागली.

हे मी आचोंकरवी आमा-लेंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर त्या झाडाला पाणी कमी देते. त्याची फळं वाळवायची. लवकर वाळतात, कुजत नाहीत. या झाडाची ताजी खायची." त्यांनी वाळलेल्या जर्दाळूंची एक मूठ माझ्या ओंजळीत टाकली. पहिलं तोंडात टाकलं आणि ओळख पटली. पहिल्या पुडीतली ती गुळासारखी चव हीच.

ऑस्ट्रेलियात तातुरा इथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पीचवर मोजूनमापून पाणी तोडण्याची पद्धत बसवली. कोय टणक होत असताना गराची वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी केलं तर फांद्यांची वाढ आवरते आणि फळाचं फारसं बिघडत नाही. शेवटच्या फुगवणीत मात्र पाणी तोडलं तर फळ लहान राहतं. आमा-लेंना लहान फळच हवं होतं. गुणवत्ता कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते त्यांनी माझ्याआधी ठरवून ठेवलं होतं.

दिवस पाचवा : बर्मा आणि गोंगमा

सकाळी आधी कालच्या तहानलेल्या झाडाकडे गेले. पहाटे त्याच्या आळ्यात पाणी सोडलं होतं, माती अजून चमकत होती. दुपारी उतरून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा पाच होता. पाणी मुळाशी आलं तरी पान त्याच दिवशी पूर्ववत होत नाही, एखादी रात्र जाऊ द्यावी लागते.

मधल्या वेळात बर्माला चढून गेलो. इथे फळं अजून हिरवट आणि घट्ट. चाकूनं एक कापलं, कोयीला पातं अडलं. म्हणजे कोय टणक झाली होती, गराची शेवटची फुगवण सुरू होती. पानांचे आकडे डोच्या तोडीचे, किंबहुना दुपारी त्याहून बरे, कारण हवा थंड. मग उशीर कशानं?

कोयीची फळं कधी पिकणार हे बरंचसं फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या तीस दिवसांवर ठरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी पीचवर हे दाखवलं. त्या महिन्यात पेशी विभागत असतात. ऊब मिळाली की फळाची घाई सुरू होते आणि ते लवकर पिकतं. थंडी असेल तर सावकाश. बर्मात मे महिनाही गार असतो. फुलोऱ्यावर हिमाची टांगती तलवार वेगळीच. उमललेलं फूल उणे दोन अंशांच्या खाली गेलं की आतला कोवळा अंडाशय काळा पडू लागतो, आणि मग पानं कितीही कमावती असली तरी साखर घ्यायला फळ नाही.

आणि घेणारं नसलं की पानही काम कमी करतं. बर्मात एका झाडाची सगळी फुलं यंदा हिमानं गेली होती. पानं हिरवीगार, पाणी भरपूर, तरी दहा वाजता सात. शेजारचं लगडलेलं झाड बारा. पानात तयार झालेली साखर या कुळात मुख्यतः सॉर्बिटॉलच्या रूपात फळाकडे जाते. आलुबुखार जास्त खाल्ले की पोट ढिलं होतं, त्यातही याच सॉर्बिटॉलचा हात. उचलायला फळच नसेल तर पानात पिठूळ साठा होतो आणि कारखाना आपोआप मंदावतो. उलट, फळं फार झाली तर वाटा पुरत नाही. पीचमध्ये एका फळामागे तीस-चाळीस पानं असावीत, असा विरळणीचा ढोबळ नियम आहे. त्या लगडलेल्या फांदीवर मी मोजली, एका फळामागे अकरा भरली. फळं सुपारीएवढी राहिली होती.

गोंगमाला सातूची शेतं आणि पॉप्लर. जर्दाळूची दोन-तीन झाडं भिंतीच्या आडोशानं उभी होती, तेवढीच.

दिवस सहावा : गारकोन

सिंधूच्या काठानं खाली स्कुरबुचन, हनू, धा करत गारकोनला. तीन हजार मीटरच्या खालचं हे गाव, दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती. जर्दाळू बहुतेक उतरून झाले होते, छपरांवर केशरी वाळवण. झाडांवर उरलेली फळं मऊ पडलेली.

कातळाला लागून असलेल्या झाडाच्या पानाचं तापमान अकरालाच सदतीस होतं आणि आकडा सहावर आला होता. पन्नास पावलांवर ओढ्याकाठच्या झाडाचं पान तेहेतीस, आकडा अकरा. पण खरी गंमत सूर्य मावळल्यावर कळली. रात्री नऊला कातळावर तळवा ठेवला, तवा नुकताच उतरवावा तसा गरम. पान रात्री कमवत नाही, पण श्वास घेतं, फळही घेतं, आणि दर दहा अंशांना हा खर्च साधारण दुप्पट होतो. उबदार रात्रीत फळातलं मॅलिक आम्लही भरभर जळतं. आंबटपणा गेला की उरते ती एकसुरी गोडी. एका आजींनी, इथे त्यांना आबी म्हणतात, दिलेलं जर्दाळू मी चघळलं. ब्रिक्स बावीस, पण चवीला मिळमिळीत. दुसरी पुडी सापडली. तिसरी, धारदार आंबटशी, वरच्या थंड बर्मासारख्या ठिकाणची असणार, जिथे रात्री आम्ल राखून ठेवतात. तिथे फळं पिकायला अजून अवकाश होता, म्हणून ते जिभेवर पडताळून पाहता आलं नाही.

दिवस सातवा : परत लेह

वाटेत आचो म्हणाले, "मॅडम-ले, पूर्वी आमचं ताजं फळ लडाखबाहेर जाऊच देत नसत. कॉडलिंग पतंगाची कीड पसरेल म्हणून. आता विमानानं दुबईला जातं." २०२१ पासून हे सुरू झालं. म्हणजे आता मोठ्या, ताज्या फळाला गिऱ्हाईक आहे, आणि पाटाच्या पाण्यावर नवा दावा. कमी पाणी देऊन वाळवणीचं फळ काढणाऱ्या आमा-लेंचं गणित यातून कसं बदलेल, हा विचार खालसीपासून लेहपर्यंत डोक्यात होता.

संध्याकाळी अंगणातल्या झाडाखाली मेमे-लेंना वही दाखवली. तेरा आणि दोन हे आकडे लडाखीत कसे वाचायचे ते आचोंनी सांगितलं. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात फांदीवर धरतात, आणि सावलीतल्या फांदीवर ते कमी धरतात, हे सांगितल्यावर मेमे-ले बराच वेळ वर बघत राहिले. फळं उतरून झाली की झाड पुढच्या वर्षाची तयारी करत असतं, हे त्यांना माहीत होतं. सावलीची किंमत मात्र कुणी अशी मोजून दाखवली नव्हती.

मग ते आत गेले आणि करवत घेऊन आले. बरोबर घरातल्या जुन्या लाल ओढणीच्या दोन चिंध्या. झाडाच्या मध्यावरची, माझ्या मनगटाएवढी एक उभी फांदी त्यांनी बुंध्याशी कापली. आत उन्हाचा एक पट्टा पडला. त्या पट्ट्यातल्या एका डहाळीला त्यांनी एक चिंधी बांधली, दुसरी चिंधी पलीकडच्या गर्द सावलीतल्या डहाळीला. "पुढच्या ऑगस्टला दोन्हींची फळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पाठवतो," ते म्हणाले. "कुठली कुठली ते सांगणार नाही. तू चाखून सांग."